उंचावरची सोयरीक

भरल्या पोटी उपासमारीची तयारी करू शकणारा मनुष्य हा एकमेव प्राणी आहे. मुंगीही दाणा साठवते हे खरं, पण ती त्यासाठी सभा घेत नाही, पत्रक काढत नाही आणि शेजारच्या मुंगीला "तुमची तयारी कुठवर आली?" असं विचारून तिची झोप उडवत नाही. हे सगळं करू शकणाऱ्या मोजक्या थोर माणसांत कृष्णाकाठच्या रामगोंडा मगदूम यांची गणना करावी लागेल. (गावात ती केली जातेच, फक्त शब्द निराळे वापरतात.)

रामगोंडाण्णा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. मोठ्या पुराच्या साली ते, त्यांच्या पत्नी गुणमालाक्का आणि मुलगी कीर्ती असे तिघं घराच्या स्लॅबवर दोन दिवस बसून होते. खायला शेंगदाण्यांची एक पिशवी होती. गुणमालाक्का आपल्या वाटणीचे दाणे लेकीच्या मुठीत सरकवत होत्या आणि "मला भूकच न्हाई" म्हणत होत्या, ते रामगोंडाण्णांनी पाहिलं. पुढे होडी आली, पाणी उतरलं, चिखल काढून झाला, पंचनामा झाला. पण ते दाणे काही त्यांच्या डोक्यातून उतरले नाहीत. ते घाबरले होते. इतकी साधी गोष्ट बायकोला सांगायची आपल्याकडे पद्धत नसल्यामुळे त्यांनी पूर्वतयारी सुरू केली.

सुरुवात अर्थातच पत्रकापासून झाली. 'आपत्तीत कुटुंबाने काय जवळ ठेवावे' अशा मथळ्याचं एक पत्रक पूर ओसरल्यावर घरोघर वाटण्यात आलं होतं. (पूर येण्याआधी वाटलं असतं तर भिजलं असतं.) त्यानुसार रामगोंडाण्णांनी बॅटरी, दोर, मेणबत्त्या, शिट्टी, कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीसाठी आणखी एक पिशवी अशी सामग्री जमवली. शिट्टीची चाचणी घेतली तेव्हा शाळेच्या मैदानावरचा खो-खो थांबला आणि दोन्ही संघ भांडू लागले. बॅटरीचा प्रश्न जरा नाजूक होता. मगदुमांचं घर जैन. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. त्यामुळे अंधारात बॅटरी लावून बघण्यासारखं एकच उरत होतं, ते म्हणजे पाणी. ते बघू नये असं सर्व अनुभवी लोकांचं मत पडलं.

मग आलं धान्य. रामगोंडाण्णांनी साठ किलो गव्हाचं पीठ दळून आणलं आणि हवाबंद डब्यांत भरून माळ्यावर चढवलं. संध्याकाळी गुणमालाक्कांनी वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"पीठ कवा खायाचं म्हणता?"

"पूर आला की."

"पूर पावसाळ्यात येतो न्हवं? पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवस. चौथ्या दिवशी ते आपल्याला चालत न्हाई. एवढं वय झालं, एवढं ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

धर्माने पिठाला घालून दिलेली ही मुदत रामगोंडाण्णांना ठाऊक होती. पण आपत्ती व्यवस्थापनाला धर्म लागू होतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. साठ किलो पीठ शेजारपाजारी वाटलं गेलं. त्या आठवड्यात गल्लीत कुणीच गिरणीत गेलं नाही आणि पूर्वतयारीला लोकांचा भरघोस पाठिंबा मिळाला.

आता पीठ नको तर गहू ठेवायचे. गहू ठेवायचे तर पुरात वीज नसते, म्हणजे गिरणी बंद. गिरणी बंद, म्हणजे जातं हवं. तर्कात कुठेही खोट नव्हती. परड्यात उपडं पडलेलं जातं चार गड्यांनी माळ्यावर चढवलं. पाचव्या दिवशी तुळईला चीर गेली. मग माळ्याखालून टेकू देण्यात आला, आणि पुरापासून वाचण्यासाठी केलेल्या तयारीपासून वाचण्याची तयारी असा एक नवाच विभाग उघडला गेला.

पुढे गव्हाला कीड लागली. किडा मारायचा नाही. तेव्हा गहू अंगणात पसरून, चाळून, एकेक किडा सुपात घेऊन गुणमालाक्का निंबाखाली सोडून येऊ लागल्या. (पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचं काम अजून चालू आहे. किड्यांचं मात्र वेळेत पूर्ण झालं.)

अशा अनुभवांती रामगोंडाण्णांनी फेरविचार केला. पुराच्या साली गावात पोटभर आणि गरम कोण जेवलं, याची त्यांनी घरोघर फिरून चौकशी केली. साठा करणारे साठ्यावर बसून राहिले होते. शासनाच्या भरवशावर राहिलेल्यांना बिस्किटं मिळाली होती. ज्यांचे पाहुणे उंचावर होते, ते मात्र आमटी-भात खाऊन, वर ताक पिऊन, चार किलो वजन वाढवून परतले होते. निष्कर्ष उघड होता. साठवायचं तर धान्य साठवू नये, पाहुणे साठवावेत. त्यांना कीड लागत नाही, उन्हं द्यावी लागत नाहीत आणि गरज पडेपर्यंत ते आपापल्या खर्चाने राहतात.

मगदुमांचे सगळे पाहुणे नदीकाठचेच निघाले. पूर्वजांनी सोयरिकी करताना ऊस पाहिला होता, पाण्याची पातळी पाहिली नव्हती. ही चूक दुरुस्त करण्यासारखं घरात एकच साधन शिल्लक होतं. कीर्ती सव्वीस वर्षांची होती, मिरजेला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिच्यासाठी स्थळं येतच होती.

"उंचावरचंच स्थळ बघायचं," रामगोंडाण्णांनी जाहीर केलं.

"पोरगी म्हंजे काय होडी हाय व्हय तुमची?" गुणमालाक्का म्हणाल्या.

त्यांचा आक्षेप नोंदवून घेण्यात आला.

स्थळांची छाननी अत्यंत निःपक्षपातीपणे झाली. मुलाचं घर नदीपासून किती उंच, वाटेत पूल किती, जादा खोल्या किती आणि चुलीवर स्वैपाकाची सोय आहे काय, यांना मिळून पंचाण्णव गुण ठेवले होते. उरलेल्या पाचांत मुलाचं शिक्षण, उत्पन्न, रूप, स्वभाव आणि व्यसन बसवलं होतं. फलटणचा एक अभियंता केवळ वाटेतल्या पुलांमुळे बाद झाला. सांगलीतला सहाव्या मजल्यावरचा बँकवाला उंचीत पहिला आला. पण वीज गेल्यावर लिफ्ट बंद पडते आणि गुणमालाक्कांचे गुडघे जिन्याला तयार नाहीत, म्हणून तोही गेला. उरले कवठे महांकाळच्या पुढे माळावर राहणारे चौगुले. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, एकुलता मुलगा आर्जव. शेडचं नाव ऐकताच रामगोंडाण्णांनी 'सुका मेवा, टिकाऊ' असा शेरा मारला.

पाहायला गेले तेव्हा पोहे (कांद्याविना) आले, चहा आला. पण रामगोंडाण्णा अंगणातच मोबाइल वर धरून उभे. त्यात उंची सांगणारं एक ॲप होतं.

"हितं रेंज धड न्हाई येत, पावणं," मुलाचे वडील भरतेश चौगुले अदबीनं म्हणाले. "त्या मागच्या टेकावर जावा, तितं येती."

"अजून वर टेक हाय व्हय?" रामगोंडाण्णांचा चेहरा उजळला. "आवं, मग सांगायचं न्हाई व्हय आधी!"

इथे एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. तयारी करणारे जगात एकटे रामगोंडाण्णा नव्हते. चौगुल्यांकडे तीन वर्षांआड टँकर येई, जनावरं चारा छावणीत न्यावी लागत आणि गेल्या दुष्काळात त्यांची खिलार गाय छावणीतच दगावली होती. तेव्हापासून भरतेश चौगुल्यांनीही ठरवलं होतं की सून आणायची ती नदीकाठचीच. मुलीकडे आले तेव्हा त्यांनी मुलीला एकदा पाहिलं आणि नदीला चार वेळा. काठावरचा हिरवा चारा बघून त्यांचे डोळे पाणावले. "उन्हाळ्यात आटती का वो ही कवा?" एवढंच त्यांनी विचारलं. रामगोंडाण्णांना वाटलं, पाहुणे निसर्गप्रेमी आहेत.

अशा रीतीने एका घराने पुराची आणि दुसऱ्याने दुष्काळाची सोय बघितली, आणि दोघांनीही एकमेकांना "पोरगं गुणाचं हाय", "पोरगी गुणाची हाय" असं सांगितलं. बहुतेक लग्नं याहून कमी विचाराने ठरतात.

मुला-मुलीला बोलायला म्हणून परड्यात पाठवलं. आर्जव बराच वेळ चपलेने माती उकरत होता. मग म्हणाला, "आमच्यात टँकर येतो. धा-धा दिवस अंघूळ बादलीभर पाण्यात करावी लागती. आधी सांगितल्यालं बरं." आजवर आलेल्या मुलांनी कीर्तीला पगार सांगितला होता, फ्लॅट सांगितला होता; अडचण पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. तिला तो आवडला. रात्री ती वडिलांना म्हणाली, "आण्णा, मला माणूस आवडलाय म्हणून जाते मी. उंची आवडली म्हणून न्हाई."

"उंची वाया थोडीच जातीया?" रामगोंडाण्णा समाधानाने म्हणाले.

लग्न मार्गशीर्षात झालं. सोयरीक जमली, उंची मिळाली, सुका मेवा मिळाला. रामगोंडाण्णा कधी नव्हे ते निवांत झोपू लागले. फाल्गुनात एके दिवशी गुणमालाक्का गहू पाखडता पाखडता म्हणाल्या, "लेकीच्या घरी जाऊन राहाल, पर खाणार काय?"

"म्हंजे?"

"तिला मूलबाळ हुईस्तवर आपल्याला तिच्या घरचं अन्न चालत न्हाई. तुमच्या आईनं माझ्या बापाला पाण्यावर परत लावलं हुतं, इसरला?"

रामगोंडाण्णा विसरले होते. उंची, पूल, खोल्या, चूल, सगळं तपासलं होतं. आणि ज्या चुलीसाठी एवढा खटाटोप केला त्या चुलीवरचा घासच आपल्याला चालत नाही, एवढी एक बाब छाननीतून निसटली होती. लेक उंचावर, अन्न उंचावर आणि आपण तिथं जाऊनही उपाशी. असा बिनतोड बंदोबस्त शत्रूलाही करता आला नसता.

पण खचून जाणारे ते लिपिक नव्हेत. रिवाजाला धक्का न लावता मार्ग काढायचा तर तो एकच होता. त्यांनी कीर्तीला फोन लावला. हवापाणी झालं, द्राक्षांचा दर झाला, आणि मग मूळ विषयाला हात घातला.

"न्हाई, म्हटलं, जूनच्या आत कायतरी गोड बातमी..."

"आण्णा, लग्नाला तीन महिनं झाल्यात!"

"म्हणूनच म्हणतो. पाऊस जुलैत धरतो."

कीर्ती आधी हसली. मग तिला कळलं की वडील थट्टा करत नाहीत. "आधी मला होडी केली, आता पोरालाबी रेशनकार्ड करायला निघालाय," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि त्यानंतर वडिलांचा उचलला नाही. आईशी बोलायची. पलीकडे रामगोंडाण्णा बसलेत हे कळलं की "ठेवते" म्हणायची. रामगोंडाण्णांना हे लागलं. लेकीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकावा तसा ऐकू येई आणि आपल्यासाठी त्यातला एक शब्दही नसे. पण तयारीत खंड पडला नाही. आपला शिधा आपण न्यायचा, आपण दळायचा, आपण खायचा. लेकीकडून फक्त उंचावर टेकायला जागा घ्यायची, असा सुधारित आराखडा त्यांनी केला. जातं माळ्यावरून उतरवण्यात आलं. तुळईने सुटकेचा निश्वास टाकला.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं. नदी पात्र सोडून उसात आली. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि गावातले लोक "अजून वेळ हाय" म्हणत पाणी बघायला पुलावर जमले. पाणी बघायला जमणं हा आमच्याकडे पूर्वतयारीचाच एक मान्यताप्राप्त प्रकार आहे. रामगोंडाण्णा मात्र तासाभरात निघाले. गल्लीतल्या मिलिंदचा 'छोटा हत्ती' टेंपो आधीच सांगून ठेवलेला होता. मागे म्हैस, गव्हाची पोती आणि जातं; पुढे गुणमालाक्का.

"आण्णा, म्हैस आणि जातं दोन्ही बसत न्हाईत. एक कायतरी ठेवा," मिलिंद म्हणाला.

"म्हशीला दूध हाय. जात्याबिगर जेवण न्हाई. दोन्ही न्यायाचं."

"मग तुमी कुठं बसणार?"

रामगोंडाण्णा जात्यावर बसले.

तिकडे माळावर आभाळ कोरडं ठणठणीत होतं. पावसाळ्याचे दोन महिने गेले तरी विहिरीत तळ दिसत होता आणि टँकर एक दिवसाआड आला तर आला. टीव्हीवर मात्र सकाळपासून कृष्णेचं पाणी दाखवत होते. ते बघून भरतेश चौगुल्यांना भरून आलं. एवढं पाणी आणि तेही स्वतःच्या व्याह्याच्या दारात! कीर्तीला त्याच पाण्याने धडकी भरली होती. आईचा फोन लागत नव्हता. मग पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिने वडिलांचा लावला. तोही लागला नाही. "मला आत्ताच्या आत्ता न्या," ती आर्जवला म्हणाली. आर्जवने टेंपो काढला. आता जाताच आहात तर म्हणून भरतेश चौगुल्यांनी दोन गाई आणि सहा रिकामी पिंपं चढवली आणि स्वतःही मागे चढले.

निम्म्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी दोन्ही टेंपो समोरासमोर आले. एकात जात्यावर बसलेला व्याही, दुसऱ्यात पिंपाला धरून उभा राहिलेला व्याही.

"काय पावणं, हिकडं कुठं?"

"सहज निघालो हुतो. तुमी?"

"आमीबी सहजच."

म्हशीने गाईंकडे पाहिलं. मिलिंद आणि आर्जव यांनी दुसरीकडे पाहिलं.

कीर्ती खाली उडी मारून आईला बिलगली. मग टेंपोच्या मागे आली. वडील भिजलेल्या धोतरात जात्याचा खुंटा घट्ट धरून बसले होते. म्हैस हलते म्हणून धरलंय, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

"आण्णा, उतरा. पुढं बसा," ती म्हणाली.

"जेवलीस का?" रामगोंडाण्णांनी विचारलं.

"तुमचा फोन लागंना, मग जेवीन कशी?"

दोन्ही टेंपो माळाकडे वळले. रिकामी पिंपं रिकामीच परतली. वाटेत दोन्ही व्याह्यांनी एकमेकांच्या नियोजनाबद्दल चकार शब्द काढला नाही.

चौगुल्यांच्या घरी पोचायला दिवस कलला. सासूबाईंनी भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी असं भराभर करून पानं मांडली, कारण दिवस मावळला की सगळंच थांबायचं. रामगोंडाण्णा पानावर बसेनात. त्यांनी व्हरांड्यात जातं मांडून घेतलं, पोतं सोडलं आणि गुणमालाक्का दळायला बसल्या.

"आवं, हे काय लावलंय? बसा की पानावर," भरतेश चौगुले अजिजीने म्हणाले.

"रिवाज हाय. आमची तयारी हाय सगळी. तुमी काळजी करू नगा."

जातं घरघरत होतं. माळ्यावरच्या चढ-उतारात आणि टेंपोतल्या हादऱ्यांत त्याचा खुंटा ढिला झाला होता. दोन फेरे झाले की निघून हातात येई. पसाभर जाडं भरडं झालं तोवर सूर्य डोंगराला टेकला. ते चाळायचं, मळायचं, भाजायचं आणि मग खायचं, हा हिशेब सूर्याशी जुळत नव्हता. गुणमालाक्का सकाळपासून उपाशी होत्या. त्यांचा हात मंदावला आणि त्या जात्यावर कपाळ टेकून क्षणभर थांबल्या.

कीर्ती आतून दोन ताटं घेऊन आली आणि व्हरांड्यातच जमिनीवर ठेवली.

"मला उंचावर कशाला दिलं, आण्णा?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

रामगोंडाण्णा ढिला खुंटा जात्यात ठोकून बसवू लागले.

"तुमी उपाशी राहू नये म्हणूनच न्हवं? मग ह्यापरीस वेगळा पूर कवा यायचा हाय? मला पोर हुईल तवा हुईल. मी तुमचीच पोर हाय, तेवढं बास न्हाई व्हय? आईकडं बघा जरा. उचला घास. तुमी न्हाई जेवला तर मीबी न्हाई."

रामगोंडाण्णांनी बायकोकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग ताट पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि आधी गुणमालाक्कांच्या हातात दिला. दुसरा स्वतः खाल्ला. त्यांना रडू आलं. "मी लय भ्यालो हुतो गं त्या साली," ते म्हणाले, आणि पहिल्याच घासाला एवढी मोठी गोष्ट बोलून गेल्यामुळे पुढचं सगळं जेवण त्यांनी खाली मान घालून केलं.

मगदूम दाम्पत्य पाणी उतरेपर्यंत माळावर राहिलं. तिथं रामगोंडाण्णा बादलीभर पाण्यात अंघोळ शिकले, टँकरच्या रांगेत शिस्त आणू पाहून चारचौघांच्या शिव्या खाऊन आले, आणि जातं मात्र तिथंच सोडून परतले. पुढच्या वैशाखात चौगुल्यांच्या गाई पाऊस पडेपर्यंत नदीकाठी चरल्या. कागदावर कुठलीच योजना नसताना हे सारं सुरळीत पार पडलं, त्यामुळे त्याची कुठेही नोंद नाही.

आता सुज्ञ वाचकांविषयी. हे वाचता वाचता आपण मनातल्या मनात पाहुण्यांवरून नजर फिरवलीच असणार: कुणाचं घर उंचावर, कुणाची विहीर आटत नाही, कुणाकडे दोन खोल्या जादा. एक-दोन नावं नक्कीही केली असतील. उत्तम. तयारी अशीच सुरू होते. फक्त एक करा. आपण ज्यांच्या दारात म्हैस घेऊन उतरणार आहात, ते आपल्याकडे शेवटचे कधी पोटभर जेवून गेले, तेवढं आठवून बघा. आठवत नसेल, तर तूर्त शेंगदाणे भरून ठेवलेले बरे.